राणीछाप पैशाचं गिऱ्हाईक

आमच्या सुशीच्या एकाच हातात पाटली असते, दुसऱ्या हातात नुसता चुडा. लग्नाकार्यात बायका विचारतात, "दुसरी कुठं हरवलीस गं?" ती म्हणते, "ह्यांनाच विचारा." झालं! मग मला पहिल्यापासून सगळं सांगत बसावं लागतं. सांगून सांगून एकाचे चार-पाच किस्से झालेत. कुणाला पटतात, कुणी म्हणतं घड्याळजीचं डोकं फिरलंय. म्हणोत बापडे! झालं तसं मी सांगतो.

* * *

बेळगावच्या खडेबाजारात माझं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं. लढाई सुरू झाली आणि विलायतेहून येणारे सुटे भाग बंद पडले. दिवसभर माशा मारत बसायचो. त्यात एक दिवस यल्लू पाटील आला. हा माझा शाळासोबती, खानापूरचा, कणकुंबीच्या रस्त्यावर मोटार चालवायचा.

"दत्तू, निपाणीचा भरमू अण्णा वजनाची मशीनं विकायलाय. पाच हाईत. जागेसकट, चालू धंद्यासकट."

ही मशीनं तुम्ही पाहिली असतील. वर उभं राहायचं, फटीत पैसा टाकायचा, टण् आवाज होतो आणि खालून जाड तिकीट पडतं. एका बाजूला वजन रत्तलात, दुसऱ्या बाजूला भविष्य. भरमू अण्णाचा थोरला भाऊ जिनगोंडा अण्णा, त्यानं ती हौसेनं बसवली होती. निपाणी, संकेश्वर, बेळगाव, खानापूर आणि एक थेट कणकुंबीच्या रानात. भविष्यंसुद्धा स्वतःच रचून निपाणीत छापून घ्यायचा. तो वारला. भरमू अण्णा तंबाखूचा व्यापारी, त्याला फिरायला कुठला वेळ? त्यानं किंमत सांगितली आठशे!

माझ्याकडं रोख होते चारशे. वर सुशीच्या दोन पाटल्या, सोनार एकेकीचे शंभर द्यायला तयार होता.

"चारशेतच बसवा," सुशी म्हणाली. "त्या माझ्या आईच्या हातातल्या हाईत. मोडून आलासा तर घरात तुमच्याशी कोण बोलतंय बघा!"

मला धंदा पाहिजे होता आणि घरात बोलणारं माणूसपण पाहिजे होतं.

* * *

किंमत ठरवायच्या आधी म्हटलं माल तर बघू. आमच्या बाजारातल्या मशीनवर उभा राहिलो, पैसा टाकला. तिकीट आलं: "घासाघीस करू नका."

मी दुसरा पैसा टाकला. "घासाघीस करू नका."

यल्लू पोट धरून हसायला लागला. तेवढ्यात शेजारचे सत्तरीचे भटजी येऊन उभे राहिले. त्यांचं तिकीट आलं: "घरात पाळणा हलेल." ते तिकीट फाडून तरातरा निघून गेले.

मी तिसऱ्यांदा उभा राहिलो. भटजींचं वेगळं आलं, म्हणजे आत सगळी तिकिटं सारखी नव्हती. पण माझ्या हातात तेच पडलं. यल्लूचं हसू तेव्हा थांबलं.

* * *

निपाणीत भरमू अण्णाच्या वखारीत पहिली बैठक झाली. वखारीत भाव तोंडानं करत नाहीत. दोघांच्या हातांवर रुमाल टाकायचा आणि आत समोरच्याची बोटं धरायची. धरशील तितके शेकडे. अख्खा पंजा धरला की पाच. तोंडाकडं बघायचं नाही, मान खाली, म्हणजे चेहऱ्यावरून कुणाला अंदाज येत नाही.

"आमच्या अण्णाशी भाव करताना नवखा हमखास फसायचा," भरमू अण्णा सांगायला लागला. "त्याची उजवी करंगळी तंबाखू कापताना मुळापासनं तुटलेली. मिरजेचा एक व्यापारी आला, चारशे द्यायचे म्हणून बिचाऱ्यानं चार बोटं धरली. अण्णा म्हणाला, 'पंजा धरलास गड्या, पाच झाले!' आणि घेतले की पाचशे!"

"असं कसं? चारच बोटं होती न्हवं?"

"तेच तो बी म्हणाला. पण बाजाराचा नेम तो नेम. पंजा म्हंजे पाच."

मग हसू आवरून अण्णा म्हणाला, "मला लिहून ठेवायचा नाद न्हाय. धंदा कसा चालतोय ते तूच बघून घे."

* * *

कसं बघायचं? विकणारा स्वतःच मूठभर पैसे आत टाकून गल्ला फुगवू शकतो! म्हणून मी प्रत्येक मशीनमधल्या पैशाच्या पेटीला माझ्या हातानं लाखेची मोहर लावली आणि पाळीपाळीनं एकेका ठिकाणी दिवस काढायचं ठरवलं.

संकेश्वरात मोटारी थांबतात तिथल्या पानवाल्याच्या शेजारी बसलो. बरोबर बारा वाजता, समोर चिटपाखरू नसताना, आत आवाज झाला. टण्!

"हे काय?" मी विचारलं.

"बोहनी," पानवाला चुना लावत म्हणाला. "जिनगोंडा अण्णा आला की आधी आपला पैसा टाकायचा. म्हणायचा, मालकानं बोहनी केली की गिऱ्हाईक येतंय. जुना राणीछाप पैसाच टाकणार, आता कुणाकडं दिसत न्हाय तसला."

"अहो, तो वारला!"

"व्हय. आमी बी मातीला गेलतो."

घड्याळजी मी. मशीन उघडून स्प्रिंग, दांडा, चाक, सगळं तपासलं. काही बिघाड नव्हता.

* * *

कणकुंबीच्या मशीनचं मला नवल वाटत होतं, कारण भरमू अण्णाच्या म्हणण्याप्रमाणे सगळ्यात जास्त पैसे तिथंच पडत. रानात कोण वजन करतंय? यल्लूच्या मोटारीतून गेलो. जिथं मोटार थांबते तिथं छपरात मशीन, बाजूला एका आक्काचं चहाचं दुकान. ऊन असून छपरात गारठा होता.

"मोटारीची माणसं करतात की वजन," आक्का म्हणाली. "आणि दुपारी एक जण येतोय. पण तो तिकीट नेत न्हाय."

"कसा दिसतोय?"

"दिसायला कशाला पाहिजे? आवाज येतोय की!" तिनं चुलीजवळची दुरडी पुढं केली. आत तिकिटंच तिकिटं. मी एकेक उलटून बघितलं. वजनाच्या जागी सगळ्यांवर शून्य.

"घेऊन जावा पाहिजे तर," ती म्हणाली. "चुलीला चांगली जळतात."

मी दुरडी तशीच परत सरकवली. यल्लूनं परत येताना खानापूरपर्यंत मोटार कुठंच थांबवली नाही, हात करणारी माणसंसुद्धा रस्त्यावर सोडली!

* * *

पेट्या भरमू अण्णाच्या देखत उघडल्या. मोहरा शाबूत. गल्ला खरोखर चांगला होता. पण प्रत्येक पेटीत, जितके दिवस मोहर तितके राणीछाप पैसे. एक कमी नाही, एक जास्त नाही.

मी ते वेगळे काढले. "अण्णा, हे धरायचे न्हाईत."

"का रं?"

"हे गिऱ्हाईक न्हाय!"

"पैसा पडला म्हंजे गिऱ्हाईकच! आणि असलं गिऱ्हाईक कुठं मिळणार? रोज येतंय, पावसापाण्यात येतंय, कधी मरायचं न्हाय!"

असं म्हणाला, पण त्या पैशांना हात लावला नाही. मग हळूच बोलला, "दत्तू, खरं सांगू? ह्याचसाठी विकायलोय. मशीनपाशी उभं राहायला मला भ्या वाटतंय. पण फुकट बी देणार न्हाय."

मलाही भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण दुकानाचं भाडं तीन महिन्यांचं थकलं होतं.

* * *

शेवटची बैठक त्याच वखारीत, भर दुपारी. घरातून निघताना सुशी दारात उभी होती. तिनं दोन्ही पाटल्या काढून रुमालात बांधून माझ्या खिशात घातल्या आणि म्हणाली, "भाडं थकलंय म्हणून. पण चारशेतच बसवा!" मी मनाशी घोकत गेलो, चारशे, चारशे, चारच बोटं धरायची.

आम्ही समोरासमोर बसलो. भरमू अण्णानं मधे रुमाल पसरला. "घाल हात," म्हणाला. मी मान खाली घालून हात आत सरकवला. हात लागला. गारठलेला होता. म्हटलं, अण्णाला घाम फुटलेला दिसतोय.

मी बोटं धरायला लागलो. अंगठा. पुढची तीन बोटं. झाली चार. करंगळी तेवढी मोकळी सोडायची म्हणून चाचपली, तर जागेवर करंगळी नव्हती. मुळाशी नुसती गाठ लागली. माझ्या मुठीत त्याचा अख्खा पंजा होता.

त्या हातानं माझा हात एकदा घट्ट दाबला. सौदा पटला की दाबतात, तसा.

बाजाराचा नेम तो नेम. मी कसंबसं म्हणालो, "पाचशे. ठरलं."

"अरं, काय ठरलं?"

मी मान वर केली. भरमू अण्णा दोन्ही हातांनी बशी धरून चहा फुंकत होता.

"दत्तू, चहा तर पिऊ दे. मी अजून हातच घातला न्हाय!"