विहिरीत डावीकडून आलेला उजेड

देव मी सणावारी मानते, भुतं तेवढीसुद्धा नाही... तरी हे लिहितेय. तुमच्यापैकी कुणाला उलगडलं तर मला हवंच आहे.

१९८८ साल. आम्ही डोंबिवलीत, कोपरला. मी सव्वीस वर्षांची, बँकेत नोकरीला, आणि पाण्याखालच्या फोटोग्राफीतली स्वयंघोषित महाराणी! समुद्र कुठला — खडवलीला वहिनीच्या माहेरची विहीर. मी दम धरून बुडी मारायची नि दादा, माझा थोरला भाऊ, पाण्याखाली माझ्या डावीकडून टॉर्च धरायचा, काचेवर दुधी प्लॅस्टिक लावून. त्या मंद उजेडात मी कपारीतल्या खेकड्यावर फोकस जुळवायची. फोटोपुरता फ्लॅश उडायचा.

एकदा सगळ्या फोटोंचा फोकस हुकला. मी फणकारले, "दादा, तुझा हात थरथरतो. मी कॅमेऱ्यावर बसणारा फोकस लाइटच घेते."

"घे. पण पसरट झोताचा घे गं. नेम धरायचाय, दरोडा नाही घालायचा."

ऐकेल ती मी कसली! ठाण्याहून सगळ्यांत प्रखर, टोकदार झोताचा उचलून आणला. वर त्याला म्हटलं, "आता तू नाही आलास तरी चालेल."

तो आला नाही. हात का थरथरत होता, ते दिवाळीत कळलं. होळीच्या आत दादा गेला.

मेमध्ये, भर दुपारी, मी एकटी विहिरीत उतरले. काठावर वहिनी, दोर धरून. लाइट कॅमेऱ्याच्या उजव्या अंगाला घट्ट बसवलेला. झोत पडला की खेकडा आत पळायचा. एकदाच थांबला. मी बटण दाबलं, तर फ्लॅशच उडाला नाही. म्हटलं, हाही फोटो गेला.

रोल धुऊन आला. बाकी फोटोंत मधोमध पांढरा डाग, सावल्या डावीकडे. त्या एका फोटोत मात्र उजेड मंद, पसरलेला... आणि खेकड्याची सावली उजवीकडे. फोटो उलटा छापला असेल म्हणून निगेटिव्हशी ताडून पाहिला. सरळच होता. ऊन म्हणावं, तर ते त्या कपारीत पोचत नाही. स्टुडिओवाल्याने सहज विचारलं, "ताई, लाइट धरायला कोण होतं?"



त्याच संध्याकाळी मी तो फोटो वहिनीच्या हातात दिला. तिने पदराने त्याची कड पुसली.  एवढंच म्हणाली, "खाली पाणी फार गार होतं का गं?"

"नाही वहिनी. कोमट होतं."

भर मेमध्येसुद्धा त्या विहिरीच्या तळाशी हाडं गोठतात.