धरणारा गेला की कुलूप सुटतं

बाळूच्या मरणाची बातमी आली तेव्हा मी निपाणीत, तंबाखूच्या गोदामात, थाप मारत उभा होतो. आमचा जुना संगणक तिथून उचलून आणायला गेलतो, आणि रिकाम्या तोंडी काम करायची मला सवय नाही. थाप जुनीच होती, जांबोटीच्या पावसात एक रेडा छत्री घेऊन कसा फिरायचा ती. हमाल पोत्यांना टेकून हसत होते, गोदामाचे मालक, म्हणजे आमचे सावकार, डोळे पुसत होते. तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून वहिनी एवढंच म्हणाल्या, "हे गेले, भाऊजी." मी फोन खिशात ठेवला आणि म्हणालो, "बाळू गेला." हसणं थांबलंच नाही. सावकार म्हणाले, "बरं, मग फुडं?" ... जन्मभर थापा मारल्या की खरं बोलायची वेळ आल्यावर असं होतं. मी संगणक उचलला आणि निघालो.

बाळू माझा मित्र आणि बेळगावच्या अनगोळातल्या आमच्या चिमूटभर दुकानातला भागीदार. दुकान एवढं लहान, की आत शिंक आली तर ती द्यायला रस्त्यावर जावं लागायचं. मी बोलायचो, तो संगणकाचे प्रोग्राम लिहायचा. मी गिऱ्हाइकाला सांगायचो, बाळू टाईप करायला लागला की कीबोर्डवरची अक्षरं उडतात आणि आठवड्यानं लोंढा जंक्शनात सापडतात. बाळू मान वर न करता म्हणायचा, "अक्षरं जाग्यावर हाईत. ह्याच्या बोलण्यातलं मीठ काढा आणि मग ऐका." माझं मीठ काढणारा जगात तो एकटाच.

त्याचं गाव जांबोटीकडचं. शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. बेळगावच्या स्टँडवर जांबोटीची गाडी लागली. त्या गाडीत आत घेतलेला श्वास माणूस पिरनवाडीत सोडायचा, एवढी गर्दी. बाळूनं खिडकीतून टॉवेल टाकून आईसाठी जागा धरली. आईच्या अंगात ताप होता. ती वर चढेपर्यंत एका आडव्या माणसानं तो टॉवेल उचलला, त्यानंच स्वतःच्या मानेचा घाम पुसला, दांडीवर टाकला आणि ऐसपैस बसला. बाळू म्हणाला, "ओ मामा, जागा धरलीया." मामा म्हणाले, "कुणी, टॉवेलनं? मग त्येला सांग की उठवाय मला." सगळी गाडी हसली. माउली जांबोटीपर्यंत उभी राहिली. बाळूनं दांडीवरचा टॉवेल ओढून घेतला आणि वाटभर मुठीत धरून ठेवला.

निपाणीच्या गोदामाचं काम मिळालं तेव्हा हा टॉवेल परत निघाला. तिथं तंबाखूची पोती वेगवेगळ्या काट्यांवर चढायची आणि सगळी वजनं एकाच फाईलमध्ये जाऊन पडायची. दोन काट्यांनी एकदम लिहिलं की ह्याचं वजन त्याच्या पोत्यावर. म्हणून लिहिणाऱ्यानं तेवढ्यापुरती फाईल धरून ठेवायची, कुलूप घालून. अशी कुलपं दोन जातीची. एक टॉवेलाचं, 'मी धरलीय' एवढं सांगणारं. बाकीच्यांनी मान राखला तर राखला. दुसरं सक्तीचं. त्यात संगणकाच्या पोटातला मूळ कारभारी, ज्याला कर्नल म्हणतात, तो स्वतः कंडक्टरसारखा आडवा उभा राहतो आणि दुसऱ्याला टेकू देत नाही. बाळूनं डोळे झाकून कंडक्टर निवडला. "टॉवेलावर माझा इश्वास न्हाय," म्हणाला.

ते कित्येक हंगाम चाललं. मग बाळूच्या पोटात गाठ निघाली, आणि त्याच सुमारास ती चौकशी आली. ज्या फुकटच्या सिस्टमवर आमचं सगळं चालायचं, तिचा कर्नल जगभरची माणसं मिळून सांभाळतात. त्यांनी विचारलं होतं, हे सक्तीचं कुलूप आता कुणी वापरतं का? नसेल तर काढून टाकतो.

मी उसळलो. "लिही की रं! निपाणी वापरतीया म्हणावं! काढलासा तर तंबाखूचं भुकटं तुमच्या नाकात सोडतो म्हणावं!"

"न्हाय रं," बाळू म्हणाला. "किडलंय ते. कंडक्टर सीट रिकामी बघतो, वळतो, तेवढ्यात दुसराच टेकतो. एका गोदामापायी सगळ्या जगानं हे वझं किती दिवस व्हायचं?"

आणि त्यानं कळवून टाकलं... आम्ही वापरतो, तरीही काढा.

गोदामातली मशीन तेव्हा धापा टाकत होती. नवी घेतली की नवा कर्नल येणार, आणि त्यात कंडक्टर नसणार. त्याआधी गोदामातल्या प्रत्येक प्रोग्रामला टॉवेलाचा मान राखायला शिकवायचं होतं. एक जरी शिकवायचा राहिला, तरी तोच तो आडवा मामा. आधी मशीन जाते की बाळू, एवढाच प्रश्न उरलेला. हाताला सलाईनची सुई, मांडीवर लॅपटॉप. नर्स ओरडायची, मी तिला रेड्याची गोष्ट सांगून गुंतवायचो, आणि बाळू तेवढ्यात चार ओळी लिहून घ्यायचा.

पूर्ण केलं त्यानं. मी त्याला गाडीत निजवून निपाणीला नेलं. दोन काट्यांवर एकदम पोती टाकायला लावली. एक काटा थांबला, दुसऱ्याचं लिहून झालं, मग त्यानं लिहिलं. बाळूनं माझा दंड धरला. "थांबला रं... कुणी न आडवता थांबला." त्याच्या डोळ्यांत पाणी बघायची ती माझी पहिली वेळ.

हंगाम सरायच्या आत सावकारांनी तयार सिस्टम आणली. काटे आता थेट फोनशी बोलतात. "तुमचं वाईट नव्हतं हो," सावकार म्हणाले, "पण आता त्ये कोण वापरतंय?" मी दवाखान्यात गेलो. बाळूनं विचारलं, "काटं चाललंत नव्हं?" म्हटलं, "व्हय. झकास." तो म्हणाला, "दोन शब्दांत आटपलंस? मीठ न्हाय, मसाला न्हाय... म्हणजे काढलं त्यांनी." मग भिंतीकडं वळला. "वापरणारं कोण न्हाय तर काढायचंच. बरोबरच हाय." ते शेवटचं बोलणं.

त्यानं मला एकदा सांगितलेलं, एखादा प्रोग्राम मधेच मेला तर त्यानं धरलेलं कुलूप कर्नल त्याच क्षणी सोडून देतो. "न्हायतर बाकीची उगंच तिष्ठत बसतील. धरणारा गेला की कुलूप सुटतं, बघ."

ज्या माणसाचा टॉवेलावर विश्वास नव्हता, तो दुकानातनं उठताना मात्र खुर्चीवर टॉवेल टाकायचा, चहाला निघाला तरी. मी चिडवायचो, "कोण येतंय रं तुझी गादी बळकवाय?" दवाखान्याला निघाला त्या दिवशीही टाकला. निळ्या काठाचा, अजून तिथंच आहे. परवा वहिनी त्याचा चष्मा न्यायला आल्या. माझ्या खुर्चीवर निपाणीहून आणलेली मशीन पडलीय, तिला कुठं ठेवावं कळत नाही. बाळूच्या खुर्चीकडं हात करून म्हटलं, "बसा वहिनी." त्यांनी टॉवेलाकडं बघितलं. "नको भाऊजी," म्हणाल्या. "धरलीया त्यांनी."

दुकानात माणसं दोन, एक खुर्ची मोकळी, आणि दोघंही उभी. यात मीठ नाही.