उलटा पीळ

मी शिरवळच्या एका कारखान्यात फिटर आहे. नट-बोल्ट, पान्हे आणि गंजलेले सांधे हाच माझा रोजचा धंदा. त्यामुळे घरच्या नळाचा एक स्क्रू काढायला मला सकाळपासून दुपारपर्यंत वेळ लागला, हे मी कंपनीत कुणालाही सांगितलेलं नाही. पोरं वर्षभर चेष्टा करतील. आणि चेष्टेला उत्तर द्यायचं म्हणजे बाकीचंही सांगावं लागेल.

आमचं घर कवठे महांकाळच्या पुढे, माळावर. आबा, म्हणजे माझे वडील, अर्धं आयुष्य मेंढरांमागं चालले आणि गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा चार शेरडं ठेवून घरी बसले. अंगणात, मोरीच्या भिंतीला मी त्यांना नळ बसवून दिला. ज्या माणसानं पाण्यासाठी कळप घेऊन गावंच्या गावं तुडवली, त्याच्या दारात नळ. पहिल्या दिवशी त्यांनी तो उगाच दहा वेळा उघडून बंद केला आणि आईच्या शिव्या खाल्ल्या.

दोनेक वर्षांनी तो टिपकायला लागला. एक थेंब, जरा थांबून दुसरा. आबांनी खाली तांब्या ठेवला; भरला की शेरडांना. पाणी वाया जात नव्हतं, पण तो आवाज त्यांना सहन होईना. त्यांचा फोन आला तो नेमका मशीन बंद पडून साहेब माझ्या डोक्यावर उभा असताना. मी म्हणालो, "आवं आबा, वरचा स्क्रू आवळा की. थांबतंय."

हे माझं चुकलं. खरं तर चुकलं म्हणणंही खोटं आहे, कारण मला माहीत होतं. नळ टिपकतो तो आतला वायसर झिजल्यामुळं. वरचा स्क्रू फक्त मूठ धरून ठेवतो, तो जन्मभर आवळला तरी थेंब थांबत नाही. हे फिटरला सांगावं लागत नाही. मला फक्त फोन ठेवायचा होता.

आबांचा मात्र माझ्यावर विश्वास. पोरगा फिटर! ते रोज सकाळी पेचकस घेऊन नळापुढं उकिडवे बसत आणि माझ्या जेवणाच्या सुट्टीत फोन येई. "आज येक पीळ दिला रं." आटा, फेरा हे शब्द ते वापरत नसत. चालता चालता चातीवर लोकर कातण्यात त्यांची हयात गेलेली, त्यामुळं जे फिरतं त्याला पीळच. आणि पीळ नेहमी एकाच अंगाला द्यायचा, उलटा दिला की सूत उकलतं, हे त्यांच्या हातात मुरलेलं.

"अजून टिपाकतंय," ते म्हणत. मी घास चावत सांगे, "अजून द्या." असं कित्येक महिने चाललं. मधे मी दोनदा गावी गेलो. एकदा वायसर न्यायला विसरलो, एकदा पाहुण्यांच्या लग्नात नळाकडं बघितलंसुद्धा नाही.

मग एका दुपारी ते म्हणाले, "माज्या हातातच जीव ऱ्हायला न्हाई रं. फिरतच न्हाई आता." मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या मग. आल्यावर बघतो." त्यानंतर त्यांनी नळाचा विषय काढला नाही. चाती त्यांनी आढ्याला खोचली ती पुन्हा काढली नाही, हे आईनं मला नंतर सांगितलं. पावसाळा सरता सरता त्यांना ताप आला आणि तिसऱ्या दिवशी ते गेले.

तेव्हापासून तो थेंब मला शिरवळमध्ये ऐकू येतो. खोलीतला नळ मी खोलून बघितला, त्याला काही झालेलं नाही. कारखान्यात शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं, तिथंही मधूनच टप् होतं आणि मी मान वळवतो. माझ्या फोनमध्ये कॉल आपोआप रेकॉर्ड होतात. आबांचे सगळे तिथं आहेत, पण ऐकायची छाती होत नाही. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी मला भीती वाटते, आणि ती आबांची वाटते, हे लिहितानाही लाज वाटते.

शेवटी या उन्हाळ्यात सुट्टी टाकली, वायसर खिशात घातला आणि गावी गेलो. आई एकटीच असते. नळ तसाच टिपकत होता, तांब्याही तिथंच होता. मूठ काढल्याशिवाय वायसरपर्यंत पोचता येत नाही, म्हणून मी वॉल्व्ह बंद केला, मुठीवरची टोपी उचकटली आणि स्क्रूचं डोकं बघितलं.

फुलीचा स्क्रू. चारी खाचांची आवळायची बाजू झिजून गोल झाली होती. सोडवायची बाजू मात्र नव्यासारखी धारदार. त्यांनी एकदाही उलटा पीळ दिला नव्हता. भोवतीनं पेचकस घसरल्याचे ओरखडेच ओरखडे, एकावर एक. मी सांगितलं म्हणून पडलेले.

मला राग आला आणि राग आला की माझं डोकं चालत नाही. पिशवीत हाताला लागला तो पेचकस घेतला, एक माप लहान, आणि हिसका दिला. तो घसरला. आबांनी राखलेली बाजू मी एका झटक्यात खाल्ली.

अख्खा नळच काढावा तर भिंतीतला पाइप गंजलेला. तो आत तुटला असता तर भिंत फोडावी लागली असती. मग रॉकेल सोडलं, हातोडीनं हलकेच ठोकलं, सायकलच्या ट्यूबचा तुकडा खाचेवर ठेवून पेचकस दाबून बघितला. हलेना. अंगणात ऊन चटचटत होतं. मी डावीकडं जोर लावत होतो आणि कुणीतरी माझ्या शेजारी उकिडवं बसून उजवीकडं लावतंय, असं वाटत होतं. मी वळून बघितलं नाही.

"सोडा आबा आता," मी मोठ्यानं म्हणालो.

शेवटी करवतीच्या पात्यानं डोक्यावर आडवी खाच पाडली, चपटा पेचकस बसवला आणि श्वास धरून फिरवला. स्क्रू कुरकुरला आणि सुटला. पुढचं काम दहा मिनिटांचं. नवा वायसर घातला, पाणी सोडलं. थेंब थांबला.

आई उंबऱ्यात बसून बघत होती. कधीपासून, कुणास ठाऊक. म्हणाली, "निगाला? त्येंस्नी न्हाई जमलं बग. रोज बसायचं. मी चिडवायची, तुमच्या हातात जीवच ऱ्हायला न्हाई, म्हनून. येकदा तर चार मानसांत म्हनले. त्या दिशीपास्नं त्येंनी चाती धरली न्हाई."

मी स्क्रू मुठीत धरून बसलो. गप्प बसता आलं असतं. स्क्रू गंजला होता म्हटलं असतं तरी तिनं मानलं असतं. मी सांगितलं. वायसरचं, फोनचं, मला माहीत होतं त्याचं, सगळं. सांगताना तिच्याकडं बघणं झालं नाही.

तिनं नळाकडं बघितलं. मग म्हणाली, "मंजी त्येंचं हात चांगलं व्हतं?"

"चांगलं व्हतं, आये. लय चांगलं. लोखंड झिजवलंय त्येंनी."

मी स्क्रू तिच्या तळहातावर ठेवला. तिनं तो अंगठ्यानं चाचपला, दोनदा.

"पर त्ये तर आपलं हात ग्येलं असं मानूनच ग्येलं की रं," ती म्हणाली. "त्येंस्नी आता कोन सांगनार?"

नळ बंद होता, तांब्या तसाच खाली होता. जेवणाची वेळ झाली होती आणि माझा हात आपोआप खिशातल्या फोनवर गेला.