वत्सलाताईंनी हरतालिका का मोडली?

वत्सलाताई पहिल्यांदा आमच्या दारी आल्या तेव्हा मी कडी काढली नव्हती. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. पण ताईंच्या पंच्याहत्तरीनिमित्त तुम्हीच लिहा असा आग्रह मंडळानं धरला, आणि माझा स्वभाव मंडळाला चांगला ठाऊक आहे.

तेव्हा भिलाईचा कारखाना उभा राहत होता. सेक्टर सहामधली आमची क्वार्टर इतकी नवी, की भिंतीला टेकलं तर पाठीला चुना लागे. आमचे हे एका ठेकेदाराच्या गोदामावर कारकून होते. तिथली तांब्याची तार चोरीला गेली आणि पोलिसांनी यांना धरून रायपूरच्या तुरुंगात नेलं. पोलिसांपुढे यांच्याविरुद्ध साक्ष दिली ती त्याच गोदामाच्या स्टोअरकीपरांनी. वत्सलाताई त्या स्टोअरकीपरांच्या पत्नी. आता तुम्हीच सांगा, कडी काढायची कशी?

त्या बंद दारातूनच म्हणाल्या, "वयनी, मंगळवारी भेट असते. एकट्या कुठं जाता? आपन दोघी जाऊ."

शेजारणी म्हणाल्या, कोर्टात तुमचे यजमान काय बोलणार ते काढून घ्यायचं असेल तिला. मलाही तेच वाटलं. तरी गेले, कारण मला धड हिंदी येत नव्हती आणि नागपूरहून इकडे आल्यापासून मी कधी एकटीनं गाडीत पाऊल ठेवलं नव्हतं. यांच्यासाठी नेलेला डबा मी मांडीवरून खाली ठेवला नाही. ताईंचा हात त्याला लागू नये म्हणून. ताईंच्या ते लक्षात आलं. "संशय घेऊन राहिल्या तं घ्या खुशाल," त्या म्हणाल्या, "पन मंगळवारची गाडी नका चुकवू."

पहिल्या भेटीत जाळीपलीकडून यांनी माझ्यामागे ताईंना पाहिलं आणि तोंड फिरवलं. पुढच्या मंगळवारी ते जाळीशी आलेच नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मग ताई फाटकाबाहेरच थांबू लागल्या, तरी हे येईनात. खटला अजून चालायचा होता, म्हणून घरचा डबा मात्र आत जात असे. तो रिकामा परत आला की समजायचं, माणूस जेवतो आहे, आपल्याला अजून आपलं मानतो आहे. आमच्यात तेवढाच धागा उरला होता.

पण डबा घेण्याआधी फाटकावरचा शिपाई आणणाऱ्यालाच त्यातला घास खायला लावी. विषाबिषाची भीती. एका मंगळवारी नेमकी हरतालिका आली. यांच्यासाठीच मी निर्जळी उपास धरला होता आणि यांच्याचसाठी सकाळी उठून भरली वांगी नि पोळ्या केल्या होत्या. दोन्ही एकत्र जमायचं नाही, हे माझ्या टाळक्यातच शिरलं नाही.

"चखो," शिपाई म्हणाला. मी हरतालिकेचा, म्हणजे तिकडच्या तीजाचा, उपास असल्याचं सांगितलं.

"तीजा तो मेरी घरवाली का भी है, बाई. पर खाती नहीं हो तो हमको क्या मालूम, क्या मिलाया है?" त्यानं डबा माझ्याकडे परत सरकवला.

डबा आत गेला नाही तर यांना वाटणार, हिनंही सोडलं. उपास मोडावा तर सौभाग्याचा उपास, तोही यांच्यावर असलं संकट असताना. मी तिथंच रडायला लागले.

ताई पुढे झाल्या. सकाळपासून त्यांनीही पाण्याचा थेंब घेतला नव्हता. त्यांनी पोळीचा तुकडा तोडला, वांग्याला लावला आणि शिपायासमोर नीट चावून खाल्ला. "अब पानी भी पिला दो, भैया," म्हणाल्या. ज्यांच्या साक्षीनं माझा नवरा आत होता, त्यांच्या आयुष्यासाठी धरलेला उपास ताईंनी माझ्या नवऱ्याच्या डब्यासाठी मोडला.

परतीच्या गाडीत मी आभार मानले नाहीत. ही असं का करेल, याचाच विचार करत होते. साक्ष खोटी आहे हे हिला ठाऊक असेल का? की हिला नवराच नकोसा झालाय?

पुढच्या मंगळवारी हे जाळीशी आले. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. माझी विचारपूस नाही की काही नाही. शिपायानं त्यांना सगळं सांगितलं होतं. "त्या बाईनं उपास कावून मोडला? काय पायजे तिले?"

संशयापायी का होईना, माझा माणूस माझ्यासमोर उभा होता. मला इतका आनंद झाला की मी भांडायचंही विसरले. "मले काय मालूम? तुमीच इचारा," म्हटलं आणि ताईंना आत बोलावलं.

ताई म्हणाल्या, "भाऊजी, वांगे चांगले दिसून राहिले होते. भूक लागली मले."

यांना ते पटलं नाही. म्हणून पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारायला आले, आणि सुटेपर्यंत येतच राहिले.

यांच्यावरचा आरोप सिद्ध झाला नाही. स्टोअरकीपरांनी आपला शब्दही मागे घेतला नाही. खरं काय ते यांना आणि स्टोअरकीपरांनाच ठाऊक. त्याबद्दल ताईंनी मला कधी विचारलं नाही, मीही त्यांना विचारलं नाही.

पुढे ताईंनी हे कामच धरलं. नंदिनी गावच्या खाणीवरची बाई असो की जवळच्या अहिवाऱ्याची, जिचा माणूस आत गेला तिला त्या घेऊन जात. लोक 'चोरांची मावशी' म्हणत, तरी गुन्हा खरा की खोटा हे त्यांनी एकीलाही विचारलं नाही. अहिवाऱ्याची एक म्हातारी स्टेशनावरच हंबरडा फोडू लागली, तेव्हा ताई तिला बाकावर बसवून, आईला हाक मारावी तशा म्हणाल्या, "यहीं रो ले, दाई. जाली के पास टाइम कम मिलता है." गाडी येईपर्यंत त्या तिचा हात धरून बसल्या.

उपास का मोडला, हे मी त्यांना अजून विचारते. कधी म्हणतात चक्कर येत होती, कधी म्हणतात शिपायाचा राग आला. एकदा म्हणाल्या, "तुमचं रडनं पाहावलं नाही." तेही मला पटलेलं नाही. आमचे हे आता फार थकले आहेत. दिवस दिवस कुणाशी बोलत नाहीत. पण ताई आल्या की खाटेवर उठून बसतात आणि तेच विचारतात.

ताईंना उत्तम आरोग्य आणि उदंड आयुष्य लाभो. खरं कारण सांगेपर्यंत तरी त्यांनी जगावं, आणि ते त्यांनी आम्हाला कधीच सांगू नये.