खिडकीमावशीचा लसूण

खिडकीमावशी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने हाक मारली तर ती वळूनही बघत नाही. उभा जन्म तिने एका कॉलेजच्या फीच्या खिडकीमागे काढला. तिथून माणसं दिसायची ती छातीपासून कपाळापर्यंतच, आणि तेवढ्यावरूनही तिला कळायचं की हा बाप पैसे भरायला आलाय की मुदत मागायला. निवृत्त झाल्यावर महिनाभर घरात बसून तिने नवऱ्याला भंडावून सोडलं. मग शेजारची एक मुलगी प्रवेशाचं विचारायला आली, तिच्या मागोमाग तिची मैत्रीण आली, आणि नवऱ्याने सुटकेचा निःश्वास टाकला. तेव्हापासून दर निकालानंतर मावशीच्या जिन्यात रांग असते.

कुठल्या कॉलेजात कधी अर्ज करायचा, कुठली फी-सवलत कुणाला मिळते, कुठली शिष्यवृत्ती नुसती नावालाच आहे, कर्ज काढण्याआधी बँकेला काय विचारायचं, हे सगळं तिला तोंडपाठ. यात विशेष काही नाही; असं सांगणारे पुष्कळ असतात आणि त्यातले निम्मे पैसे घेऊन चुकीचं सांगतात. मावशीची पद्धत मात्र जगावेगळी. कुटुंब आलं की पोराला ती बाहेरच्या खोलीत बसवते आणि आईबापांना स्वयंपाकघरात पिटाळते. तिथे टेबलावर एक परात आणि लसणाचे गड्डे तयार असतात. "सोला," एवढंच सांगते.

बापमंडळी आधी बिचकतात. एका बँकेच्या मॅनेजरने तर विचारलं होतं, हे सवलतीसाठी आवश्यक आहे का. मावशीने गंभीर चेहऱ्याने हो म्हणून सांगितलं. तिचं म्हणणं असं की आईबाप समोर असले की पोराच्या तोंडून आईबापच बोलतात, म्हणून त्यांना आत घालवायचं. आणि पैशाचं खरं काय ते माणूस डोळ्याला डोळा देऊन सांगत नाही. हात गुंतलेले आणि मान खाली असली की आपसूक बोलून जातो. आधी बाहेर पोराशी बोलायचं, मग आत जाऊन आईबापांशी. सोललेला लसूण तिचा नवरा, ज्याला सगळे घड्याळजी म्हणतात, वाट्या भरभरून शेजारीपाजारी वाटतो. प्रवेशाच्या दिवसांत त्या इमारतीत कुणी लसूण विकत घेत नाही.

या सगळ्याला एक नियम होता. बाहेरच्या खोलीतलं आत न्यायचं नाही आणि आतलं बाहेर आणायचं नाही. हा नियम मावशीने कधी मोडला नव्हता. घड्याळजीलासुद्धा ती काही सांगायची नाही, आणि तो बिचारा कुतूहलाने अर्धा व्हायचा.

अशात एका दुपारी पेंटर आला, मुलीला घेऊन. पेंटर म्हणजे दुकानांच्या पाट्या रंगवणारा. एके काळी त्या बाजारपेठेत याच्या हातची पाटी नाही असं दुकान शोधावं लागायचं. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला ब्रशांची पिशवी आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, अख्ख्या शहराचा रंग याच्याच डब्यातून येतो. मुलीची आई ती लहान असतानाच गेलेली. घरात दोघंच.

जवळच्याच कॉलेजात हिशेबनिसाच्या अभ्यासक्रमाला जायचंय, असं मुलीने बाहेरच्या खोलीत सांगितलं. दोन वर्षांत संपतो, फी बेताची, घरून जाऊन-येऊन करता येतो. एखाद्या पोक्त बाईने भाजीचे भाव सांगावेत तसं ती हे सांगत होती.

"आवडतं का तुला?" मावशीने विचारलं.

"आवडेल."

"आवडेल म्हणजे आवडत नाही. खरं काय ते बोल."

 मुलीचं नख मेजावरच्या कापडावर फिरत होतं आणि ती अक्षरं काढत होती, ठसठशीत, वळणदार. मावशी काही न बोलता बघत राहिली. मावशी गप्प बसते हेच इतकं दुर्मीळ आहे की समोरच्याला बोलावंच लागतं. मुलीने मग सगळं सांगून टाकलं. दूरच्या एका कलामहाविद्यालयात अक्षररचना शिकवतात. मैत्रिणीकडे जाते सांगून ती तिथली परीक्षा देऊन आली होती आणि तिची निवडही झाली होती. शुक्रवारपर्यंत होकार कळवायचा होता. पण ती कळवणार नव्हती.

"बाबाला काम नाहीये, मावशी. त्याला वाटतं मला माहीत नाही. तो रोज ब्रश घेऊन जातो आणि ते कोरडेच परत येतात. मी बसमधून त्याला एका कंपाउंडच्या भिंतीला पांढरा रंग मारताना बघितलं. पुढच्या स्टॉपवर उतरून खूप वेळ उभी राहिले." तिने कापडावरची अक्षरं तळहाताने पुसून टाकली. "त्याला कळता कामा नये. मला हिशेबच आवडतात असं त्याला सांगा."

मावशी आत गेली. पेंटर पहिल्या गड्ड्याला ऐटीत भिडला होता. अर्जातल्या उत्पन्नाच्या रकान्यात भरपूर लिहा म्हणाला. आपल्याला सवलतीबिवलतीची गरज नाही, ती ज्यांना लागते त्यांना मिळू दे. दुसऱ्या गड्ड्याला त्याचा आवाज खाली आला. तिसऱ्याला त्याने मान वर न करता सांगितलं की छापील फ्लेक्स आल्यापासून पाटी कुणीच रंगवून घेत नाही, सगळा गाडा भिंतींवर चाललाय. भिंतीला काय, कुणीही रंग मारतं. आणि पोरगी लहानपणी त्याच्या शेजारी बसून अक्षरं गिरवायची, ती आता हिशेब शिकायचं म्हणते. बापाची विद्या बुडीत निघालेली तिला दिसली असणार, म्हणूनच तिचं मन उडालं.

"पण माझ्याकडे पैसे नाहीत हे तिला कळता कामा नये, मावशी," तो म्हणाला. "आईविना वाढवलंय. निदान बाप तरी धडधाकट आहे असं वाटू दे तिला."

मावशीला आयुष्यात इतका राग क्वचितच आला असेल, आणि तो नेमका कुणावर काढावा हेही कळेना. त्या कलामहाविद्यालयात कमी उत्पन्नाच्या घरांना जवळजवळ सगळी फी माफ होती, वसतिगृहासकट. बापाने खरा आकडा लिहिला की मुलगी सुखाने जात होती. पण मुलीपायी तो आकडा लिहायला तयार नव्हता, आणि त्याच्यापायी ती जायचं नावच काढत नव्हती. दोघांचा एकमेकांवर इतका जीव की त्यात पोरीच्या जन्माचं नुकसान ठरलेलं. मधोमध मावशी, तोंडाला कुलूप लावून.

ती बाहेर आली, पुन्हा आत गेली, पाणी प्यायली. दारातून घड्याळजीने काय झालं म्हणून विचारलं, तर त्याच्यावरच खेकसली. सांगून टाकणं एका वाक्याचं काम होतं. पण आज पेंटरचं सांगितलं तर उद्या त्या परातीसमोर खरं कोण बोलणार? न सांगावं तर शुक्रवार उलटून जाणार.

शेवटी तिने एक गोष्ट केली, जी आजवर कधी केली नव्हती. मुलीला हाताला धरून उठवलं, स्वयंपाकघरात नेऊन बापासमोर बसवलं आणि परात दोघांच्या मध्ये सरकवली.

"मी इथे काय करू?" मुलीने घाबरून विचारलं.

"सोल. तुम्ही दोघांनी मला जे सांगितलंत ते मी कुणाला सांगणार नाही. पण मला सांगितलेलं एकमेकांना सांगितल्याशिवाय या खोलीतून कुणी बाहेर पडायचं नाही." एवढं बोलून तिने दार ओढून घेतलं आणि ती बाहेर येऊन पोरांच्या खुर्चीत बसली.

आतून काहीच ऐकू येईना. घड्याळजी दाराला कान लावायला निघाला तेव्हा मावशीने त्याला नजरेनेच जागेवर बसवलं. खरं तर तिचाही जीव टांगणीला लागला होता. लोकांच्या घरात आपण फार लुडबुड करतो असं तिला पहिल्यांदाच वाटलं. बऱ्याच वेळाने आत कुणीतरी रडलं, आणि ते मुलीचं रडणं नव्हतं. मग बराच वेळ मुलीचाच आवाज येत राहिला, हळू आणि न थांबता.

दार उघडलं तेव्हा पेंटरचे डोळे लाल झाले होते. लसणाने डोळ्यांत पाणी येतं म्हणाला. लसणाने येत नाही, कांद्याने येतं, पण मावशी त्या दिवशी शहाण्यासारखी गप्प बसली. परातीत एकही नवी पाकळी सोललेली नव्हती.

"खरा आकडा लिहा," पेंटर म्हणाला. "भिंतींचाच लिहा."

होकार शुक्रवारच्या आत गेला. सवलतही मिळाली, अर्थात कागदांसाठी पेंटरला दोन-तीन कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या आणि एका खिडकीवरच्या कारकुनाची मावशीने स्वतः जाऊन हजेरी घेतली. खिडकीच्या या बाजूने भांडायला तिला भलतीच मजा आली.

मुलगी जायच्या आधी मावशीने पेंटरला बोलावून एक पाटी सांगितली. इतकी वर्षं तिच्या दारावर पाटी नव्हती. बापलेक मिळून ती घेऊन आले. अक्षरं मुलीने आखलेली, रंग बापाने भरलेला. एका बाणाखाली लिहिलं होतं: 'मुले: बाहेरची खोली.' दुसऱ्याखाली: 'पालक: स्वयंपाकघर.' अक्षरं इतकी देखणी होती की घड्याळजीने चष्मा पुसून ती दोनदा वाचली.

मावशीने पैसे पुढे केले. पेंटर नको म्हणेल आणि आपल्याला हट्ट करावा लागेल, अशा तयारीने ती उभी होती. पण त्याने ते शांतपणे मोजून खिशात ठेवले. सवलतीचा अर्ज दर वर्षी नव्याने भरावा लागतो हे त्याला आता पाठ झालं होतं.

"पुढच्या अर्जात हे धरा बरं का, मावशी," तो मुलीच्या देखत, मोठ्याने म्हणाला. "वेगळं लिहा. पाटीचे आहेत."