अकोल्यात कालवलेला समुद्र

ये भाचीबाई, अशी जवळ ये. आधी तो मोबाइल पालथा ठेव आणि हे पत्र नीट वाच. तू पुण्यात बसून साऱ्या गोतावळ्यात सांगत सुटली आहेस म्हणे, की मावशीनं नातीचा समुद्रातला किडा लोणच्याच्या बरणीत टाकला. कोणी सांगितलं व तुले? लोणचं नव्हतं ते. नुसतं मिठाचं पाणी होतं, आणि तेही चवीनं मापून केलेलं. चूक झाली, कबूल आहे. पण जी झाली तीच सांगावी ना माणसानं, वरून फोडणी कशाला? म्हणून मीच लिहायला घेतलं. शाळेत मी गेले नाही, लेकरांची पुस्तकं पाहून अक्षरं गिरवली, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ तू सांभाळून घे.

नात अमरावतीला संशोधन करते हे तुला ठाऊकच आहे. कशावर करते, हे मात्र आमच्या घरात कोणी चारचौघांत सांगत नव्हतं. समुद्राच्या चिखलात राहणारे केसाळ किडे, हा तिचा विषय. आता आमच्या वऱ्हाडात समुद्र कुठला? पण तिचे सर कोकणातले. ते पोरांना घेऊन खाडीवर जातात, ओहोटीला दगड उलटे करतात, चिखल चाळतात, आणि सापडेल तो किडा बाटलीत घालून इकडे आणतात. उन्हाळ्यात हॉस्टेलचं पाणी आटलं, म्हणून पोरगी महिनाभर आमच्याकडे अकोल्याला आली. सोबत कपड्यांची एक पिशवी, एक सूक्ष्मदर्शक आणि बारा बाटल्या. बाटल्यांत स्पिरिट, स्पिरिटात किडे. तिनं त्या स्वयंपाकघरातल्या फळीवर ओळीनं मांडल्या.

आमचे हे पाहून म्हणाले, "पन्नास वर्सं या घरात दारूचा थेंब येऊ दिला नाई हिनं. आता नातीच्या बारा बाटल्या मांडून बसली."

त्या बारांत एक बाटली लाडाची होती. तिच्यातला किडा बोटाच्या पेराएवढा, निरांजनाच्या वातीपेक्षा बारीक, पिवळट. मी म्हटलं, "यात काय पाहायचं एवढं?"

"आजी, हा जगात कोणालेच माहीत नाई अजून."

"काहून? कोकणातल्या लोकाईले दिसला नसंल?"

"दिसला असंल. पण कोणी लिहून नाई ठेवला. लिहून छापल्याशिवाय तो नवा हाये असं कोणी मानत नाई."

"मंग लिही ना बापा."

"लिहूनच तर राहिली."

तिचं लिखाण मी वाचून घेतलं, तिनं मराठीत सांगितलं तसं. लांबी इतकी. रंग असा. डोळे चार. दात काळे, करवतीसारखे. अंगावर इतक्या चकत्या, प्रत्येक चकतीला दोन्ही अंगांनी वल्ह्यासारखा पाय, प्रत्येक पायावर केसांचे झुबके. मी म्हटलं, हे तर स्थळाच्या माहितीसारखंच झालं. उंची, वर्ण, बांधा. फक्त चार डोळ्यांची पोरगी आजवर सांगून आली नव्हती.

मग तिनं मला भिंगातून दाखवलं. मोतीबिंदू काढल्यापासून मला बारीक दिसतं. खरं सांगते बाई, ते केस नव्हतेच. एकेका केसाच्या टोकाला विळा होता, आणि विळ्याला दोन दात. सारी गोम त्या दोन दातांत होती. याच्या आधीच्या, माहीत असलेल्या किड्याला एकच दात. दोन आहेत असं दाखवता आलं, तर हा नवा. आणि दाखवायला डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळा किडा हवा. तिच्याजवळ होते पाच. चार तुटके, हा एकच अख्खा. हा गेला तर दोन वर्षांची मेहनत गेली, एवढं मला समजलं होतं. समजलं होतं म्हणूनच पुढचं सारं झालं.

एके सकाळी ती सरांना भेटायला अमरावतीला गेली. जाताना म्हणाली, "बाटल्याईकडे लक्ष ठेवजो." उन्हाचं तर तुला माहीतच आहे. कूलरही गरम वारा फेकत होता. दुपारी लक्ष ठेवायला म्हणून फळीपाशी गेले, तर लाडाच्या बाटलीचं बूच तिरपं, स्पिरिट सारं उडालेलं, आणि किडा तळाला चिकटून बसलेला, सुकलेल्या शेवईच्या तुकड्यासारखा.

फोन लावला. बंद. सरांसमोर बसल्यावर ती फोन बंद ठेवते. पाचदा लावला, पाचदा बंद.

आता तूच सांग, मी काय करायचं? दुसऱ्या बाटलीतलं स्पिरिट काढावं तर तिथले किडे कोरडे पडतील. घरात दुसरं स्पिरिट नाही. पाणी घालावं म्हणून माठाजवळ गेले आणि तिथंच मला शहाणपण सुचलं. समुद्रातला जीव, त्याला आपलं गोडं पाणी कसं मानवेल? मेलेला असला म्हणून काय झालं? आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या पानातही त्याच्या आवडीचंच वाढतो ना.

पण समुद्र किती खारट असतो, ते कोणाला ठाऊक? आमचे हे म्हणाले, "मी चांदूर रेल्वे गावाच्या पुढं कधी गेलो काय? मले नको इचारू."

तेव्हा आठवली शेजारची माळीणबाई. तिचा शहराबाहेर भाजीचा मळा आहे. मागं बचत गटाच्या बायकांबरोबर ती कोकणात जाऊन आली होती, आणि लाटेत पडून पोटभर समुद्र पिऊन आली होती. आमच्या गल्लीत समुद्र चाखलेली ती एकटीच. तिला हाक मारली. ती मेथीची जुडी हातात घेऊनच आली.

मी पेल्यात पाणी घेतलं, खडेमीठ विरघळवलं आणि चमचा तिच्यापुढं धरला.

"हूं. हे तं वरणासारखं झालं. टाक अजून."

टाकलं.

"अजून. मले उलटी झाली होती तिथं, याच्यानं तं ढेकरही नाई येत."

आणखी दोन चिमट्या. तिनं घोट घेतला, तोंड वेडंवाकडं केलं, डोळ्यांत पाणी आलं. "हां! हाच. हाच तो मेला समुद्र!"

मग मी ते पाणी सुती फडक्यातून गाळून बाटलीत ओतलं. तासाभरात किडा हळूहळू फुगला, सरळ झाला. आम्ही दोघी बाळंतिणीजवळ बसावं तशा बसून होतो. माळीणबाई म्हणाली, "पाय पाह्य, कसे सुटून आले."

नात दिवे लावायच्या वेळेला आली, अमरावतीहून स्पिरिटचा कॅन घेऊन. तिनं बाटली उचलली, हुंगली, बोटावर थेंब घेऊन जिभेला लावला.

"आजी, हे काय हाये?"

"समुद्र."

ती तिथंच जमिनीवर बसली. रडली असती तर मी पाठीवरून हात तरी फिरवला असता. नुसती म्हणाली, "एकच अख्खा होता व आजी." तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, की आपण काहीतरी भलतंच करून बसलो.

सरांना फोन लावला, आवाज मोठा ठेवून. तिनं सारं सांगितलं. मग सरांनी विचारलं, "मीठ बारीक की खडे?"

दारातून माळीणबाई ओरडली, "खडे! अन् गाळून घेतलं!"

सर हसले की खोकले, कळलं नाही. म्हणाले, किडा आधीच औषधात पक्का केलेला आहे, चार-सहा तासांत कुजणार नाही. सुकला तेच वाईट झालं. पाण्यानं तो मऊ तरी पडला. आता आधी पातळ स्पिरिट, मग कडक, असं हळूहळू ने. पण केसांची टोकं शाबूत आहेत का, ते उद्याच समजेल. तुटली असली तर पावसाळ्यानंतर पुन्हा खाडीवर जाऊ. सापडेल याची खात्री नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं भिंगाला डोळा लावला. मी कागद-पेन्सिल घेऊन बाजूला. ती पाय मोजायची, मी रेघ ओढायची. पहिल्या पायाचे केस अर्धे मोडलेले. दुसऱ्याचेही. तिसऱ्याला तिनं नुसतं "ओढ रेघ" म्हटलं. आमचे हे पेपर उलटा धरून वाचत बसले होते. नवव्या पायावर ती थांबली. भिंगाचं चाक पुढं-मागं केलं.

"आजी... हायेत."

"काय हायेत?"

"दात! दोन्ही दात हायेत! या पायाचे सगळे!"

पुढच्या बहुतेक पायांचे शाबूत निघाले. मी मोजदाद सोडून गूळ आणायला उठले, तर पोरगी ओरडली, "रेघा ओढ ना आजी, मोजणं झालं नाई अजून!"

सर कडक माणूस. म्हणाले, झालं ते निबंधात लिहायचं, लपवायचं नाही. म्हणून त्यात एक ओळ आहे: नमुना सुकला होता, तो काही तास मिठाच्या पाण्यात ठेवून मऊ केला. मी म्हटलं, आजीनं केला असं लिही ना. म्हणाली, तसं लिहीत नाहीत. माळीणबाईनं विचारलं, "मंग किड्याले नाव तरी आपलं?" नात म्हणाली, जिथं सापडला त्या खाडीचं. माळीणबाई दोन दिवस कोथिंबीर महाग लावत होती.

निबंध मंजूर झाला. पण छापायच्या आधी बाटली संग्रहालयात जमा करावी लागते. पोरगी दिवाळीसाठी ती सोबत घेऊन आली आहे; दिवाळी झाली की घेऊन जाणार, आणि तिथं कुलूपबंद कपाटात गेली की तुला-मला कोण दाखवतं? दिवाळीचे चार दिवस मात्र ती बाटली आमच्या फळीवर राहील. बूच मी स्वतः मेणानं बंद करून घेतलं आहे. तू ये. लेकरांना घेऊन ये, जावईबापूंनाही आण. बाहेरूनच भिंगातून दाखवायला नातीला सांगते. बाटलीला हात लावू देणार नाही, पण ये बाई, लवकर ये.