शुगर कंट्रोल आणि बाबांची पिशवी

मंडळी, डोकं पार चक्रावलंय. ऐका आणि मला शहाणं करा.

आज माधव नगरात लेकीच्या शाळेत पालकांची मीटिंग होती. विषय होता 'शुगर कंट्रोल'. डब्यात नाही, वाढदिवसाला नाही, शाळेत गोड एकदम बंद. मागच्याच महिन्यात लेकीच्या दोन दाढा भरल्यात, त्यामुळे सगळ्यात आधी हात वर केला तो मीच. मग एका आईने विचारलं, "और पंद्रह अगस्त के लड्डू?" त्यावर एकमत होईना. शेवटी फॉर्म वाटले. लाडू हवेत की नकोत, उद्या लिहून द्यायचं.

घरी येऊन सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, शाळेत शुगर कंट्रोल होतंय."

पंच्याऐंशीचे बाबा ताडकन उठून बसले. "परत कंट्रोल? पिशवी काढ, रांग लागेल!"

आपल्या उज्जैनात रेशनच्या दुकानाला अजून कंट्रोलच म्हणतात ना! मी हसत सुटले. बाबा हसले नाहीत.

"तेव्हा साखर कंट्रोलवरच मिळायची. पहिल्या पंधरा ऑगस्टला शाळेत प्रत्येकाला नुकतीचा, म्हणजे बुंदीचा, एक लाडू दिला. मी ताईसाठी खिशात ठेवला. घरी येईपर्यंत त्याचा चुरा झाला. ताईने खिसा उलटा करून चाटला आणि विचारलं, 'स्वातंत्र्य परत कधी आहे रे?'"

फॉर्म समोर कोराच आहे. दाढा आठवल्या की 'नकोत' लिहावंसं वाटतं, ताई आठवली की पेन अडतं.

आणि लेक विचारतेय, "आई, लाडू नाही तर पंधरा ऑगस्टला शाळेत जायचं कशाला?"

सांगा, काय लिहू?